रुंद मागांचा सायन्ना

अंबादासशेठच्या कारखान्यात शेवटच्या भिंतीला लागून दोन रुंद माग होते. मालकी अर्थातच शेठची, पण सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या गल्लीत त्यांना कुणी शेठचे माग म्हणत नसे. ते सायन्नाचे माग. बाकीच्या मागांवर टॉवेल निघत. या दोघांवर मोठ्या पलंगाच्या चादरी निघत, मोरांच्या आणि कमळांच्या. टॉवेलच्या मागावर धोट्याला जेमतेम दोन हात पळायचं असतं. धोटा म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावणारी लाकडाची होडी. रुंद मागावर तिचा प्रवास लांब. ती पलीकडच्या पेटीत वेळेवर पोचली नाही, वाटेतच राहिली, तर आडवं सूत ठोकून बसवणारी फणी तिच्यावर येऊन आदळते आणि उभे धागे मुठीमुठीने तुटतात. मग अर्धा दिवस खाली मान घालून एकेक धागा सांधत बसायचं. म्हणून रुंद माग चांगल्या हातालाच देतात. शेठच्या वडिलांनी ते सायन्ना गुर्रमला दिले, तेव्हा सायन्नाचे केस काळे होते.

आता केस फारसे उरले नव्हते. जे होते त्यांवर आणि भुवयांवर कापसाची भुरी कायम बसलेली असे. माणूस किडकिडीत, अंगात बनियन, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी. तो मागाशी तेलुगूत बोले, माणसांशी मराठीत, आणि रागावला की कुणाशीच नाही. त्याचा एकच शौक होता: दुपारचा चहा. बाकीचे मागवाले किटलीतला चहा मागापाशीच उभ्या उभ्या पीत. सायन्ना माग थांबवे, हात पुसे आणि गोजरबाईच्या टपरीवर जाई. जुना माणूस म्हणून शेठने ती सूट दिली होती.

टपरीवर नबीसाब आधीच बसलेला असे. समोरच पंचाक्षरी अण्णांची तेलाची गिरणी होती. नबीसाब तिचा मोटरवाला. पूर्वी तिथे तेलावरचं इंजिन होतं आणि त्याचा आवाज ऐकून गल्ली जागी होई. ते काढून अण्णांनी पन्नास घोड्यांची विजेची मोटर बसवली, तेव्हा सगळी पेठ ती बघायला आली होती. नबीसाबने मोटरीला हार घातला होता आणि तीन दिवस नवी टोपी घातली होती.

या दोघांत एकच चहा असे. एक दिवस कप नबीसाबला आणि बशी सायन्नाला, दुसऱ्या दिवशी उलट. गोजरबाई पुटपुटायची.

"दोन बाप्ये मिळून एक चा. माझ्या टपरीला टाळं लावणार तुमी."

"दोन घेतले तर बोलायला काय राहतंय, बाई?" नबीसाब म्हणायचा. "अर्धा चहा आन् अर्धी गोष्ट."

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एकदा नबीसाबला कप उचलता येईना. उजवा खांदा वर जात नव्हता. त्याने डाव्या हाताने कप धरला आणि हसण्यावारी नेलं. पण सायन्नाने सोडलं नाही. मग कळलं की दुखणं बरेच महिने आहे. मोटर सुरू करताना पट्टा मोकळ्या चाकावर असावा लागतो, म्हणजे मोटर ओझं न घेता फिरू लागते. तिने वेग धरला की दांडा रेटून पट्टा कामाच्या चाकावर सरकवायचा, मग घाणे फिरू लागतात. बंद करताना पुन्हा उलट. तो दांडा रेटणं आता नबीसाबला जमत नव्हतं. सकाळी कारखान्यातले माग सुरू व्हायच्या आधीच गिरणी चालू होई. दुपारी पेंड काढायला घाणे थांबत, चहानंतर पुन्हा सुरू होत, आणि त्या प्रत्येक रेट्याने त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत.

"अण्णाला सांग की."

"सांगतो! मोटरवाला पायजे, खांदा मोडलेला कशाला ठेवील? बिस्मिल्लाला काय सांगू घरी?"

बिस्मिल्ला ही नबीसाबची बायको. सायन्नाने बशीतला चहा फुंकला. मित्राचं दुखणं त्याला स्वतःच्या खांद्यात जाणवलं. तो सहज म्हणाला,

"मग सरकवूच नको. पट्टा राहू दे कामाच्याच चाकावर. एवढी पन्नास घोड्यांची मोटर हाय, ओढंल की घाण्यांसकट. कोण बघतंय?"

नबीसाबने कप खाली ठेवला. "ओढंल म्हणतोस?"

"न ओढून जाती कुटं?"

मोटरने ओढलं. नबीसाबचा खांदा पुढच्या आठवड्यात जरा हलका झाला, आणि त्याने गोजरबाईला खुशीत दोन पूर्ण चहा सांगितले.

सायन्नाचं बिनसायला सुरुवात झाली ती त्याच सुमाराला. चहा पिऊन यावं, माग चालू करावा, दहा-वीस फेरे नीट जावेत, आणि एकदम मागाचा सूर खाली यावा. दमलेल्या माणसासारखा माग ओढत चाले. धोटा अर्ध्या वाटेत राही. फणी आदळे. कडकड धागे तुटत. धोटा अडकला की माग आपोआप थांबावा अशी एक कळ असते, पण त्या जुन्या मागांच्या कळा झिजून गेल्या होत्या. जिथे फणी आदळत नसे तिथे चादरीवर विरळ पट्टा उमटे, उजेडात धरला की मोराच्या मानेतून आरपार दिसणारा.

मायाप्पा जॉबर, म्हणजे कारखान्यातला मागांचा मिस्त्री, पाने घेऊन आला. त्याने पट्टे आवळले, पेट्या घासल्या, तेल सोडलं. सकाळी माग मजेत चालले. चहानंतर पुन्हा तेच.

"सायन्नामामा, चहात काय घालती ओ ती गोजरबाई?" मायाप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. टॉवेलवाले हसले. त्यांच्या मागांचा सूरही तेवढ्या वेळात थोडा ढळत असे, पण त्यांच्या धोट्याला दोनच हात जायचं होतं. तो पोचून जाई. शिवाय सायन्नाचे माग तारेच्या अगदी टोकाला. तिथे पोचेपर्यंत विजेत होतं नव्हतं ते बळही संपलेलं असे. हे पुढे कळलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की बाकी सगळ्यांचं नीट चाललंय आणि सायन्नाचं बिघडतंय, आणि तेही चहाला जाऊन आल्यावर.

सायन्ना रोज टपरीवर हे सांगायचा. "आज मोराची मान गेली." "आज दोन्ही मागांवर अडकला." नबीसाब ऐकून घ्यायचा. पूर्वी तो काहीतरी टोमणा मारायचा, एखादी थट्टा करायचा. आता नुसता मान हलवायचा आणि कप लवकर रिकामा करायचा.

अंबादासशेठ वयाने सायन्नाच्या मुलाएवढा, पण वागायला मऊ. त्याने सायन्नाला बोलावून खराब चादरी दाखवल्या. आवाज चढवला नाही. "मामा, व्यापारी परत पाठवतोय. मार्कंडेयाचा रथ होईपर्यंत बघू. तोवर सुधारलं तर ठीक. नाहीतर मला रुंद मागांचा विचार करावा लागेल." विणकरांच्या या देवाचा रथ निघतो नारळी पौर्णिमेला. श्रावण तर लागलाच होता.

त्या दिवशी सायन्ना घरी जेवला नाही. त्याची बायको राजव्वा उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. सुपातून मान न काढता ती म्हणाली, "नजर लागली कुणाची तरी." मग जरा वेळाने, "माग काढून घेतील?"

टॉवेलवर जावं लागलं तर पोट भरलं असतं. पण लग्नाकार्यात, रथाच्या दिवशी, न्हाव्याच्या दुकानात त्याची ओळख एकच होती. रुंद मागांचा सायन्ना. ती गेली तर मागे उरणाऱ्या सायन्नाला तो स्वतःही ओळखत नव्हता.

त्याच आठवड्यात नबीसाब पुतणीच्या लग्नाला होटगीला गेला. गिरणीतल्या एका दांडग्या हमालाने त्याचं काम सांभाळलं. नबीसाबशिवाय टपरीवर बसवेना, म्हणून सायन्नाने चहा तसाच घशात ओतला आणि परतला. माग चालू केले. सूर ढळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मागावरच्या दिव्याकडे त्याचं लक्ष गेलं. रोज चहानंतर तो दिवा लालसर व्हायचा आणि पुन्हा पांढरा व्हायचा. सोलापुरात दिवे मंद होतातच, म्हणून त्याने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. या दोन दिवसांत दिवा एकदाही लाल झाला नाही. सायन्नाला वाटलं, गेलं संकट. त्याने राजव्वाला मार्कंडेयाला नारळ फोडायला सांगितलं.

नबीसाब परत आला. चहा झाला. तो गिरणीत गेला, सायन्ना कारखान्यात. माग चालू झाले आणि दिवा लाल झाला. धोटा अडकला.

तुटलेल्या धाग्यांवर वाकलेल्या सायन्नाने हात थांबवला. समोरच्या गिरणीतून मोटरचा आवाज ऐकू येत होता: आधी जड, कण्हल्यासारखा, मग मोकळा. तो मोकळा झाला आणि दिवा पांढरा झाला.

दुसऱ्या दिवशी बशी सायन्नाची होती. त्याने ती उचलली नाही.

"नबी, तुझा पट्टा कुठल्या चाकावर असतो रे, मोटर सुरू करताना?"

"तुला म्हाईत हाय की."

"सांग तरी."

"तूच बोल्ला हुतास ना बे, राहू दे म्हणून." नबीसाबने मान खाली घातली. "गिरणीत पण दिवा लाल होतो. मी बघतो ना रोज. घाण्यांसकट उचलताना मोटर सगळ्या गल्लीची वीज पिऊन टाकती."

"म्हंजे तुला कळलं हुतं."

"व्हय."

"आन् मी हितं बसून रोज सांगायचो. मान गेली, धोटा अडकला."

"व्हय."

"आन् तू ऐकायचास."

गोजरबाई स्टोव्हला पिन मारत होती. तिने एकदा दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा पिन मारू लागली.

"शेठला सांग माझं नाव," नबीसाब म्हणाला. "जा. मी काय बोलणार नाय."

हे म्हणताना त्याने डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता. मुद्दाम नव्हे, तो हल्ली तसाच बसे. सायन्नाने तो हात पाहिला. सांगितलं तर अण्णा विचारणार, पट्टा का सरकवत नाही? मग खांदा. मग नबीसाब आणि बिस्मिल्ला रस्त्यावर. आणि पट्टा तिथेच ठेवण्याची अक्कल कुणाची?

शेवटी सायन्नानेच तोड काढली. नबीसाबची मोटर सुरू होऊन दिवा पुन्हा पांढरा होईपर्यंत आपले माग बंद ठेवायचे. मग काय अडकतंय? नबीसाबचा चेहरा उजळला. त्या दिवशी त्याने उरलेला कपही सायन्नाच्या बशीत ओतला.

युक्ती चालली. धोटे पेटीत पोचू लागले. चादरी स्वच्छ निघाल्या. पण घाण्यांतली पेंड कधी लवकर निघे, कधी उशिरा. सायन्ना चहाहून येई आणि बंद मागांसमोर हात बांधून, मान वर करून, दिव्याकडे बघत उभा राही. चहूकडे माग खडखडत असत. कधी पाच मिनिटं, कधी त्याहून बरीच जास्त. दिवा लाल झाला की याचा चेहरा खुले. चांगल्या माणसाला वेड लागल्यावर तो जसा दिसेल, तसा तो दिसे.

मायाप्पाने ते पाहिलं. टॉवेलवाल्यांनी पाहिलं. रथाला थोडे दिवस उरले असताना शेठनेही पाहिलं. तो शेजारी येऊन उभा राहिला तरी सायन्नाला कळलं नाही.

"मामा, माग बंद का?"

सायन्ना दचकला. खरं उत्तर जिभेवर आलं. समोरच्या दारातून गिरणीचं दार दिसत होतं.

"जरा... डोळे," तो म्हणाला. "डोळ्यांपुढं अंधारी येती. थांबतो मग."

शेठच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. दया आली. "आधी सांगायचं नाही का, मामा? म्हणून धोटे अडकत होते होय! आणि मी तुम्हाला बोललो." त्याने सायन्नाच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून रुंद माग सोडा. रथानंतर टॉवेलवरचा राजेशम बघेल. तुम्ही कांड्या भरायला बसा, बसून काम. मी तुम्हाला घालवणार नाही."

कांड्या भरणं, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, हे त्या कारखान्यात बायकांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मायाप्पाने त्याच्यासमोर बोटं धरली. "मामा, किती?" सायन्नाने त्याचा हात झटकला. "बघा, दिसंना म्हणून चिडतात." गल्लीतली पोरं रस्ता ओलांडताना त्याचा हात धरू लागली. शेठने आपल्या खर्चाने चष्मा करून दिला. शेठसमोर तो घालावा लागे, आणि घातला की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसे. तीन-चारदा कांडी हातातून निसटली. बायका हळहळल्या.

राजव्वाला त्याने खरं सांगितलं होतं; ती मात्र हळहळली नाही. "दोस्ताची भाकरी वाचवली," ती म्हणाली, "आता घरात मला बाई म्हणू नका. आपण दोघी बाया."

रुंद माग रथ होईपर्यंत बंदच होते. त्यांवर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढत होता. नेमकं तेव्हाच मागच्या गल्लीतल्या छापखान्याने तक्रार केली की रोज दुपारी यंत्र मरतं आणि कागद फाटतो. वीज कार्यालयातून एक माणूस मीटर घेऊन आला, गल्लीभर हिंडला आणि पंचाक्षरी अण्णांच्या गिरणीत शिरला. ओझ्यासकट मोटर उचलली तर ती नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, असं त्याने अण्णांना सांगितलं. हळूहळू वेग देणारा नवा स्टार्टर बसवा, आणि पट्टा मोकळ्या चाकावर ठेवूनच मोटर सुरू करा.

अण्णांनी नबीसाबला बोलावलं. नबीसाब सगळं बोलून गेला. खांदा, दांडा, सगळं.

अण्णा हसले. "एवढंच होय? मला सांगायचं की रे येड्या. पट्टा सरकवायला एक हमाल दिला असता. इंजिनापासूनचा माणूस तू, तुला काय मी घालवतोय?" त्यांनी त्याच दिवशी स्टार्टर मागवला आणि हाडवैद्याचा पत्ता दिला.

रथ निघाला, रथ परतला. राजेशमने रुंद माग चालू केले. मोर निघाले, कमळं निघाली. धोटा एकदाही अडकला नाही. शेठने पेढे वाटले. सायन्नाच्या ताटलीत दोन ठेवले.

त्या संध्याकाळी नबीसाब कारखान्याच्या दारात उभा होता. अण्णा काय म्हणाले ते त्याने सायन्नाला सांगितलं. सायन्नाने दोनदा विचारलं, "हसले?"

"हसले. चल. आत्ता सांगू शेठला. समदं मी सांगतो."

त्याने खरंच सगळं सांगितलं, शेठसमोर उभा राहून, खांदा धरून, एक शब्द न लपवता. शेठने त्याला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं.

"चाचा, दोस्तासाठी आलात, चांगलं केलंत. अशी दोस्ती हल्ली कुठं बघायला मिळते?"

"शेठ, दोस्तीचं न्हाय. खरं हाय हे."

"असेल. वीज कमी-जास्त होतेच, सगळ्यांचीच होते." शेठ सायन्नाकडे वळला. "पण मामा, डोळ्यांचं तुम्हीच मला सांगितलंत. आणि तुम्ही खोटं बोलत नाही. माझे वडील जाताना एवढं एकच सांगून गेले मला तुमच्याबद्दल."

सायन्नाने चष्मा काढून मेजावर ठेवला. "सुई आणा. बारीकातली बारीक. धागा ओवून दाखवतो."

"राहू द्या, मामा. राजेशमचं नीट चाललंय ना? एक धोटा अडकत नाही." शेठने चष्मा उचलला, स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसला आणि सायन्नाच्या हातात परत दिला. "सांभाळून जा. पायरी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सायन्ना टपरीवर गेला. कांड्या भरणाऱ्यांना चहाला बाहेर जायची सूट नव्हती, पण त्याला कुणी अडवलं नाही. नबीसाब बाकावर होता. खांद्याला हाडवैद्याची पट्टी होती. त्याने सरकून जागा केली.

"आज कप तुझा," तो म्हणाला.

गिरणीत हमालाने दांडा रेटला. मोटर अलगद सुरू झाली. टपरीवरचा दिवा जराही लालसर झाला नाही. कारखान्यातून रुंद मागांचा सूर येत होता, एकसारखा, न ढळता. सायन्नाने तो थोडा वेळ ऐकला.

गोजरबाईने सवयीने एकच कप भरला आणि बशी पुढे केली.

"न्हाय, बाई," सायन्ना म्हणाला. "माझा मला एक येगळा द्या."

तिने नबीसाबकडे पाहिलं, मग दुसरा कप घेतला. सायन्ना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि पूर्ण कप चहा एकट्याने प्यायला. इतका चहा त्याला सवयीचा नव्हता. संपायला बराच वेळ लागला.